जर्मनचं दुसरं वर्ष

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

डिप्लोमाचा पहिला दिवस. वर्गात शिरलो तर पुढच्या बाकावरची चार पोरं उभी राहिली — गुड मॉर्निंग सर! मी मागं वळून पाहिलं, सर कुठायत म्हणून. मागं कुणीच नाही! मग मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि हशा पिकला. मीही हसलो. वय त्रेपन्न, डोकं निम्मं पांढरं — पोरांचा काय दोष?

गेल्या वर्षी सर्टिफिकेटला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तरी जोडीला होते. ते पुढं आले नाहीत. यंदा मी एकटाच म्हातारा.

शिकवायला जुईली मॅडम. माझ्या लेकीपेक्षा, वैष्णवीपेक्षा, पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील, नसतील. प्रत्येकाला विचारलं, जर्मन कशासाठी? कुणाला तिकडं शिकायला जायचंय, कुणाला हिंजवडीत चांगली नोकरी पाहिजे. माझी पाळी आली. मराठीत सांगू का, म्हटलं. "नाही हं काका, जर्मनमध्येच!"

मग मोडकंतोडकं सांगितलं. अठ्ठावीस वर्षं पिरंगुटच्या कारखान्यात एक जर्मन ग्राइंडिंग मशिन चालवलं. त्याच्यावर मोठं लाल बटण होतं, वर लिहिलेलं — नोट-आउस. म्हणजे संकटात बंद करायचं. आम्ही सगळे त्याला 'नॉटआउट' म्हणायचो! नवीन पोराला सांगायचो, काही झालं तर नॉटआउट दाब. कारखाना सोडला तेव्हा मनात आलं, इतकी वर्षं ज्याच्या तोंडासमोर उभा राहिलो ते काय बोलत होतं हे तरी कळावं.

वर्ग पोट धरून हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झेअर श्योन." फार छान.

१२ ऑगस्ट

जर्मनमध्ये 'तू'ला डू आणि 'तुम्ही'ला झी. वर्गात सगळ्यांनी एकमेकांना डू म्हणायचं असा नियम. मला जोडीदार म्हणून सृष्टी दिली आहे. एकोणीस वर्षांची, बोलायला फाडफाड, विभक्तीत मात्र सगळा गोंधळ. तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी मराठीत म्हणाली, "सॉरी काका, मला नाही जमणार. माझे बाबा तुमच्यापेक्षा लहान आहेत."

म्हटलं, तू मला झी म्हण, मी तुला डू म्हणतो. मॅडम म्हणाल्या, हे म्हणजे अगदी मुळशीचं जर्मन झालं!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सहामाहीचे मार्क. व्याकरण पंचवीसपैकी बावीस. वर्गात पहिला! ऐकून उत्तरं लिहायच्या पेपरात — सहा.

सहा.

प्रश्न कळत होते. शब्द येत होते. पण स्पीकरमधून माणसं बोलायला लागली की सगळं भुशासारखं उडून जातं. कारण मला ठाऊक आहे. उजवा कान. ग्राइंडर उजव्या हाताला होता, सुरुवातीची दहा वर्षं कानात घालायला काही नव्हतं. कापूस घालायचो. घरात बायको, रत्ना, काय म्हणते ते मी तिच्या तोंडाकडं बघून ओळखतो आणि तिला वाटतं मी लक्ष देऊन ऐकतोय.

कुणालाच सांगितलं नाही. बसमधून येताना ठरवलं — झालं एवढं पुष्कळ झालं. सोडून द्यायचं.

२० ऑक्टोबर

सोडायचं म्हणून रत्नाला सांगितलं. चुलीवर पाणी ठेवत होती. वळलीसुद्धा नाही.

"का वं? झेपंना का?"

"कान."

"कान काय आज गेलाय व्हय? मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय." मग वळली. "म्या मोठ्यानं बोलतीच की न्हाई? त्या बाईला सांगा, मोठ्यानं बोल म्हणावं."

इतकं सोपं!

२४ ऑक्टोबर

मॅडमना सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!" आता माझी जागा पुढं, स्पीकर डाव्या कानाला येईल अशी. परीक्षेला हेडफोन मिळतील, त्या अर्ज करणार आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

भात कापून झालं. आज झोडणी. दुपारी बांधावर बसलो तेव्हा रत्नानं माझे पुठ्ठ्याचे तुकडे काढले. एका बाजूला जर्मन शब्द देवनागरीत, दुसऱ्या बाजूला मराठी. ती मराठी वाचते, मी जर्मन सांगतो — आणि लिंग. डेअर, डी, दास. तो, ती, ते.

"चमचा."

"डेअर लोफेल. तो."

"आपल्यातबी तोच. सुरी?"

"दास मेसर. ते."

"ते? सुरी ती असती." मान हलवली. "आन् पोरगी?"

"दास मेडशेन. ते."

मला वाटलं आता चिडणार. पण थोडा वेळ विचार करून म्हणाली, "बराबर हाय. आपुनबी ते पोर म्हंतो, ते लेकरू म्हंतो. त्यांचं काय चुकलं न्हाई."

गेल्या वर्षीच्या मॅडमनी अर्धा तास समजावलं होतं ते हिनं एका वाक्यात संपवलं. पलीकडच्या खाचरातल्या गोजराबाई विचारत होत्या, कसला डाव खेळताय गं? रत्ना म्हणाली, "जर्मनीचा!"

छान दिवस गेला. पाठ मात्र दुखतेय.

६ जानेवारी २०२५

पुन्हा ऐकायचा सराव. हेडफोन लावून. पंचवीसपैकी सतरा!

३ मार्च

तोंडी परीक्षेची तयारी. दर सोमवारी तासानंतर कँटीनमध्ये मी सृष्टीला विभक्ती शिकवतो, ती मला बोलायला लावते. तिचं म्हणणं — काका, तुम्ही आधी डोक्यात अख्खं वाक्य जुळवता, मग ते तपासता, मग बोलता. तोवर समोरचा माणूस घरी जातो!

खरं आहे. कारखान्याची सवय. मापात नसेल तर माल पुढं जाऊ द्यायचा नाही.

"चुकीचं बोला. बोला फक्त," म्हणते. एकोणीस वर्षांची पोर त्रेपन्न वर्षांच्या माणसाला चुकायला शिकवतेय. चहा दर वेळेला तीच पाजते, पैसे घेत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

तोंडी परीक्षा झाली!

परीक्षक बाहेरून आलेल्या एक वयस्क बाई. पहिला भाग — दोघांनी मिळून मित्राच्या निरोपाचा कार्यक्रम ठरवायचा. पहिल्याच प्रश्नाला अडलो. एक शब्द येईना. सृष्टीनं माझ्याकडं बघितलं आणि जर्मनमध्ये विचारलं, जेवायला काय करायचं? भात तुमच्या शेतातला आणाल का? — ठरलेल्यात हे नव्हतंच! मी म्हटलं, आणतो, इंद्रायणी आणतो, पण शिजवणार माझी बायको. बाई हसल्या. तिथून गाडी सुटली.

दुसऱ्या भागात एकट्यानं एका विषयावर बोलायचं. मी घेतला होता — ग्राइंडरचा दगड बोथट झाला हे आवाजावरून कसं ओळखायचं. दगड घासताना आवाज आधी कोरडा असतो, मग जाड होतो, मग किंचाळतो. किंचाळायच्या आधी जो थांबवतो तो खरा ऑपरेटर. बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, आणि आता तुमच्या कानांना तो आवाज ऐकू येईल का?

म्हटलं, नाही. पण हाताला कळेल.

दोन ठिकाणी क्रियापद चुकलं. तिथंच कळलं. तरी थांबलो नाही! बाहेर आल्यावर सृष्टी नाचलीच.

५ मे

निकाल. पास. एकूण एकाहत्तर टक्के. सृष्टी अठ्ठ्याहत्तर — विभक्तीतसुद्धा पास! वैष्णवीनं हिंजवडीहून पेढे आणले. घरोघर वाटताना रत्ना सांगत होती, "जर्मनीचं पास झालं." आमच्या अर्ध्या रिहे गावाला वाटतंय मी आता चाललो जर्मनीला.

१९ मे, सोमवार

शैलेशचा फोन. माझ्या हाताखाली शिकलेला, आता कारखान्यात मेंटेनन्स त्याच्याकडं आहे. म्हणाला, काका, आपलं ग्राइंडर विकलंय. कोइमतूरला चाललंय. ते खोलून सुटं करायला जर्मनीचा माणूस आलाय, त्याला इंग्रजी धड येत नाही, आणि आणलेला दुभाषा मशिनचा एक शब्द जाणत नाही. याल का?

रत्ना म्हणाली, "जावा की. त्यासाठीच शिकलाव न्हवं?"

त्यासाठी नाही शिकलो. पण जातो.

२० मे

माणसाचं नाव योखेन. साठीचा, सहा फूट, हात माझ्यासारखेच — नखांत काळं. मी घोकलेलं वाक्य म्हटलं. त्यानं उत्तर दिलं आणि मला एक अक्षर कळलं नाही! दोन वर्षं मग काय शिकलो?

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. 'नाही'ला 'निष्ट'च्या जागी 'नेट'. 'आहे'ला 'इस्ट'च्या जागी 'इश्'. एवढा धिप्पाड माणूस दर वाक्याला इश् इश् करतोय, नव्या नवरीसारखा!

मग उजेड पडला. हा त्याच्या गावाकडचं बोलतोय. आमी, तुमी, न्हाई, व्हय — तसंच! मी त्याला विचारलं, खेड्यातला का? म्हणाला, हो, तू? म्हटलं, मीपण. आणि एकदा हे कळलं की पुढचं सोपं झालं. शिवाय तोही एका कानानं ठार. त्याचा डावा. दिवसभर दोघं मशिनच्या दोन बाजूंना उभे राहून बोंबलत होतो. शैलेशला वाटलं भांडतोय.

त्यानं मला पहिल्या तासातच डू म्हटलं. मीही म्हटलं. एकदाही अडखळलो नाही.

२२ मे, गुरुवार

काम संपलं. बेड सुटला, स्पिंडल खोक्यात गेला. शेवटी ते लाल बटणाचं पॅनेल उतरवलं. मी योखेनला नॉटआउटची गोष्ट सांगितली. क्रिकेट काय ते समजावण्यात अर्धा तास गेला, पण शेवटी असा हसला की डोळ्यांत पाणी.

मशिन ट्रकवर चढलं तेव्हा मी हात लावला. वाईट वाटेल वाटलं होतं. नाही वाटलं. अठ्ठावीस वर्षं मुक्यानं काम केलं आम्ही दोघांनी; निरोपाला तरी बोलणं झालं.

निघताना कपाट रिकामं करत होते. जर्मन मेकॅनिक दर वर्षी तपासणीला यायचे, त्यांच्या रिपोर्टांची फाईल होती. शैलेश भंगारात टाकत होता. मी मागून घेतली. सगळी जर्मनमध्ये, हातानं लिहिलेली, प्रत्येक कागदाखाली ऑपरेटर म्हणून माझी सही. इतक्या सह्या केल्या, कागद वाचला एकही नाही! सुट्टीत अभ्यासाला याहून चांगलं पुस्तक कुठलं?

२४ मे

फाईल वाचतोय. १९९६ — बेअरिंग बदललं. १९९८ — कूलंटचा पंप, 'ऑपरेटरनं दोष आधीच ओळखला होता.' ऑपरेटर म्हणजे मी! रत्नाला दोनदा वाचून दाखवलं. "मंग, खोटं हाय का?" म्हणाली.

शब्दकोश फार लागत नाही. गेल्या वर्षी हे जमलं नसतं. सकाळच्या चहाबरोबर एक कागद, घाई नाही. लई मजा येतेय.

२७ मे, मंगळवार

१४ मार्च २००३ चा कागद. तळाशी दोन ओळी. हेर पडळघरे — म्हणजे श्री. पडळघरे, मीच — यांचं नाव जर्मनीतल्या कारखान्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी सुचवण्यात आलं होतं. कौटुंबिक कारणामुळे त्यांनी नकार दिला.

खाली माझी सही. मोठी, स्पष्ट.

मला कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी कागद पुढं केला, हितं सही कर म्हणाले, केली. त्या वर्षी त्यांचा मेव्हणा गेला जर्मनीला सहा महिने. आम्ही सगळे विमानतळावर सोडायला गेलो होतो. हार मी घातला.

रत्नाला अजून सांगितलेलं नाही. फोटो काढून जुईली मॅडमना पाठवला. विचारलं, याचा दुसरा काही अर्थ निघतो का?

तासाभरानं उत्तर आलं — नाही, काका. तुम्ही बरोबर वाचलंत.