ताज्या भाजीचा निर्दोष अहवाल

प्रति,
मा. प्रमुख,
विभागीय अन्न व जंतू तपासणी प्रयोगशाळा.

विषय : नात वैभवी हिच्या शौचाचा परत केलेला नमुना तपासून मिळणेबाबत.
संदर्भ : आपला अहवाल, शेरा 'वांग्याची भाजी निर्दोष'.

महोदय,

मी उकंडराव किसनजी गावंडे, मु. सावरखेड, ता. मानोरा, जि. वाशीम, विनंती अर्ज सादर करतो की,

१) आमच्या गावी मारुतीच्या पारावर रोडगे व वांग्याच्या भाजीचा भंडारा झाला व त्याच रात्री गावात हगवण-उलट्या सुरू झाल्या. आरोग्य सेविकाबाईंनी उरलेल्या भाजीचा गंज (पातेले) आमच्या घरी ठेवला व उद्या प्रयोगशाळेची गाडी येईल, तोवर हात लावू नका, असे बजावले.

२) माझी पत्नी पंचफुला हिचा समज असा की, तपासणी म्हणजे साहेब लोक चाखून पाहणार. "ज्यानं गाव आडवं झालं ते सायबाले खाऊ घालू काय? त्याच्याबी घरी लेकरं असतीन," असे म्हणून तिने ती भाजी उकिरड्यावर टाकली, गंज राखेने घासला आणि ताजी भाजी करून, वरून कोथिंबीर घालून, गाडीत दिली. मी वावरात होतो. घरी असतो तरी तिच्यापुढे माझे काय चालले असते!

३) ती भाजी आपण निर्दोष ठरवली. निर्दोष असणारच, महोदय! पण अहवाल येताच गावातले आरोग्य पथक उठले आणि साथ संपल्याचे कागदोपत्री लागले. वैभवी सात वर्षांची आहे. ती अजून दवाखान्यात आहे, शौचातून रक्त जाते. डॉक्टर म्हणतात, जंतू कोणता ते कळेपर्यंत औषध अंदाजानेच चालू आहे.

४) तिचा नमुना मी आपल्याकडे आणला. गावात अन्नदोष नाही, सबब रुग्णाचा नमुना घेता येत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. खरे काय ते मी सांगितले, तर मूळ भाजी सादर करा म्हणाले. अहो, मूळ भाजी कोठून आणू? उकिरडाही चाळला. कोंबड्यांनी काही ठेवले नाही.

५) पंचफुला पोरीच्या उशाशी बसून आहे, अन्नाला शिवत नाही. भंडाऱ्याच्या भाजीतले जे काही उरले आहे, ते आता माझ्या नातीच्या पोटात आहे. तेच तपासावे, ही हात जोडून विनंती.

आपल्याच पायरीवर बसलेला,
उकंडराव किसनजी गावंडे
दि. १८ एप्रिल २०२५

सोबत :
१) भाजी बदलल्याबाबत पत्नीचा अंगठा.
२) नमुन्याची डबी, बर्फात. बर्फ वितळत आहे.