नावेचा ठराव

कोल्हापूर,
ता. २२ एप्रिल

चि. सौ. नीलम्मास बाळाप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आणि ओट्यावर बसून हे पत्र ऐकणाऱ्या शिरगट्टीच्या आयाबायांनो, तुम्हांलाही शरणु शरणार्थी, नमस्कार. माझी धाकटी बहीण सरपंच झाल्यापासून माझी पत्रं तुम्हांला मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तुमच्याशीच बोलतो. तुमचं दुखणं एक आहे. पाऊस धरला की बंधारा पाण्याखाली जातो आणि नदीपलीकडची वस्ती तुटते. तिथं तुमच्या लेकी दिल्या आहेत, तिथल्या लेकी तुम्ही सुना म्हणून आणल्या आहेत. पावसाळाभर ये-जा करायला गावाची एक नाव होती. आता ती पिंपळाखाली पालथी पडली आहे आणि तिच्या फळ्यांत मुंग्यांनी घर केलं आहे.

नीला, गेल्या महिन्यात गावी आलो तेव्हा वेशीपासून देवळापर्यंत नवे ब्लॉक पाहिले. त्यांच्या खाली जुने ब्लॉक आहेत आणि तेही चांगले आहेत, असं मला शाळेच्या शिपायानं हसत हसत सांगितलं. नदीकाठी शौचालय पाहिलं. फरशी अशी की चप्पल काढून जावं. मी खोटं बोलणार नाही, गटारं बांधल्यापासून गावातला ताप हटला, हे चांगलं झालं. पण ज्या गावात दोनदा रस्ता मढवला जातो त्या गावात नावेला डांबर का मिळत नाही, हे मला कुणी सांगेल का?

तुला आठवतं, मृगाच्या आधी नावेची पूजा व्हायची. त्याच दिवशी ग्रामसेवक पिंपळाखाली टेबल टाकून बसायचे आणि लोक घरपट्टी भरायचे. ज्यानं भरली नाही त्याला पहिल्या खेपेत बसू देत नसत. बायका त्याला काठावरून हाका मारायच्या की पावणं, पोहत या. आपला पैसा डांबर होऊन फळीत मुरताना लोक डोळ्यांनी बघत होते. दिल्लीचा निधी सुरू झाला आणि ते टेबल उठलं.

एक मेला ग्रामसभा आहे. नावेचा ठराव मांड. फोन करू नकोस. यंत्र कानात घातलं की मला फक्त माझाच आवाज ऐकू येतो. तुझी वहिनी म्हणते की यंत्राच्या आधीही तसंच होतं.

तुझ्या लेकीला, सौंदर्याला आशीर्वाद. दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासून वहिनी लोकर घेऊन बसली आहे. पत्र पाठव, माया आहेच.

तुझा अण्णा

*

शिरगट्टी,
ता. ६ मे

ती. अण्णांस नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. बायका इतक्या हसल्या की गल्लीतले पुरुष गोळा झाले. पोहत या म्हणणारी ती बाई मीच होते, असं शालूबाई छाती ठोकून सांगत होती.

ठरावाचं सांगते. तुम्हांला वाटतं सरपंच म्हणजे पेटीची किल्ली. अण्णा, पेटीत पैसा येतो तोच कामाचं नाव लावून येतो. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा वाटा बांधलेला. पाणी आणि स्वच्छता, दुसरीकडं हात लावायचा नाही. उरलेला वाटा मोकळा म्हणतात, पण त्याचाही आराखडा आदल्या वर्षी संगणकात भरलेला असतो. भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांना, मी म्हटलं की नावेचं काम भरा. त्यांनी सगळं उघडून दाखवलं. गटार आहे, हात धुवायचं बेसिन आहे, घंटागाडी आहे. नाव कुठल्याच खणात बसेना. ते म्हणाले की वाहन म्हणून घालावी तर तिला चाकं न्हाईत. मग ते हसले, मीही हसले. दुसरं काय करणार?

राहिली आपली घरपट्टी. ती मागायला गेलं की लोक म्हणतात, दिल्लीतनं येतंय की, आमच्या खिशात कशाला हात घालताय. जे काही जमतं ते दिव्यांच्या बिलात आणि शिपायाच्या पगारात जातं. नावाडी दुंडाप्पाचं मानधन थांबलं, तो उचगावला कारखान्यात लागला. तरीही घासून पुसून नावेपुरतं निघेल असं भाऊसाहेब म्हणाले. म्हणून मी उभी राहिले आणि ठराव मांडला.

गणपतराव मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते मोठ्यांदा म्हणाले की नाव गावाला न्हवं, सरपंचबाईंच्या लेकीला पाहिजे हाय. पलीकडं दिलीया न्हवं, आता गावाच्या पैशानं बाळंतपणाला आणायची. सगळी सभा हसली. ओट्यावर हसतात तसं नव्हतं ते हसू.

अण्णा, पंचाच्या घरचं काम सगळ्यात शेवटी, हे मी तुमच्याच भाषणात ऐकलंय, गडहिंग्लजच्या बाजारात, लहानपणी, तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. मी ठराव मागं घेतला. माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं मला सोसणार नाही.

यांची तब्येत बरी. आंबे पाठवते आहे, वहिनींना त्यातले दोन मिळतील एवढं बघा. लोभ कमी करू नका.

तुमची नीला

*

कोल्हापूर,
ता. १५ मे

चि. सौ. नीलम्मास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आंबे मिळाले. पत्रही मिळालं, आणि त्या रात्री मी जेवलो नाही.

गणपतरावांच्या टोमण्याचं मला काही वाटत नाही. असा माणूस प्रत्येक सभेत भिंतीला टेकलेला असतो. मला वाईट याचं वाटतं की सगळं गाव हसलं. आपल्या गावानं मागायचं काय, हे ठरवायची सवयच मोडली. पूर्वी माणसं नदीकडं बघून ठरवायची की यंदा काय हवं. आता संगणकाच्या खणांकडं बघून ठरवतात की काय बसतं. वरून आलेला पैसा जिथं पडतो तिथंच चिकटून बसतो, आणि हळूहळू आपली नजरही तिथं चिकटते. मी आयुष्यभर दिल्लीकडं गावांचा वाटा मागत आलो. तो वाटा हक्काचा आहे, दान नाही. पण हक्काचा पैसा घेताना आपण आपला हात आखडला, तर घर चालवायचा आपला हक्क आपणच सोडला.

आणि तुझं ते पंचाच्या घरचं काम! अगं तंगी, माझ्या धाकट्या बहिणी, ते मी स्वतःच्या दारात नळ ओढून घेणाऱ्यांना बोललो होतो. पलीकडं सत्तर उंबरे आहेत. त्यातला एक तुझ्या लेकीचा असला म्हणून बाकीचे एकोणसत्तर तुझे नातलग झाले का?

जूनमध्ये मासिक सभा असेल. तिथं विषय पुन्हा घे. तेही जमत नसेल तर सौंदर्याला आत्ताच, बंधारा कोरडा आहे तोवर, चालत अलीकडं आण. कोल्हापूरला पाठव. वहिनीनं खोली लावून ठेवली आहे.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर कागदावर रागाव.

तुझा अण्णा

*

शिरगट्टी,
ता. १९ जून

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या मागं होते. यंत्र वित्त आयोगातून आलं, खोलीही झाली, पण वीजजोडणी आणि वायरिंग त्यात बसत नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले की काम पुरं होऊन खर्च दिसला नाही तर पुढचा हप्ता अडकेल. हप्ता अडकला की सरपंच बाई होती म्हणून अडकला असं म्हणणार. मग घरपट्टीतलं नावेपुरतं जे निघत होतं ते जोडणीत घातलं. आता पाणी गोड लागतं. गणपतराव रोज कॅन भरून नेतात आणि म्हणतात की बाईनं काम चांगलं केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सौंदर्याचं तुम्ही लिहिलंत. मी गेले होते पलीकडं. तिची सासू बाळाबाई म्हणाली की सातव्यात डोहाळजेवण आमच्या घरी होऊ दे, ओटी भरून मगच पोर माहेरी जाईल. मोकळ्या ओटीनं पाठवली तर वस्ती आम्हांला नावं ठेवील. पहिली खेप आहे, तिचीही हौस आहे. जुलैचा शेवटचा सोमवार ठरलाय. त्या आठवड्यात पाणी चढलं तर वरच्या पुलावरून लांबच्या वाटेनं गाडी करू. यांचंही तेच म्हणणं. तुम्ही उगाच काळीज पोखरून घेऊ नका.

तुम्हांला यायचंच आहे. कानात यंत्र घालून या, बायका गाणी म्हणणार आहेत. वहिनींना घेऊन आल्याशिवाय दारात घेणार नाही. माया राहू द्या.

तुमची नीला

*

गडहिंग्लज,
ता. २ ऑगस्ट

ती. मामांस सौंदर्याचा सा. न. वि. वि.

आई पत्र लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. दवाखान्यातून परवा सोडलं. आम्ही दोघं नवराबायको रुद्रेशच्या मावशीकडं खोली घेऊन राहतोय. पलीकडं जाता येत नाही आणि शिरगट्टीला जाववत नाही.

तुम्हांला कुणी काही, कुणी काही सांगितलं असेल. झालं ते असं. डोहाळजेवणाच्या आधीच पाणी चढलं, आणि वरचा पूलही बुडाला. शनिवारी सकाळपासून मला रक्त जायला लागलं. आईनं तालुक्याला फोन करून रबरी बोट मागितली. ते म्हणाले की बोटी मोठ्या गावांकडं गेल्यात, येतील. आई अलीकडच्या काठावर उभी होती, मी पलीकडच्या. तिची हिरवी साडी मला दिसत होती. दुपार झाली तरी बोट आली नाही, तेव्हा वस्तीतल्यांनी गुऱ्हाळाची काहील आणली. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई, मामा. तिच्यात मला निजवून चौघे धरून पोहत होते. रुद्रेश माझ्या उशाशी पाण्यात होता. काहील गोल फिरायची. मी आभाळाकडं बघत होते आणि आभाळही फिरत होतं.

पिंपळाजवळ लागलो. नाव तिथंच होती, पाण्यात अर्धी. गावात त्या वेळी कोरडी आणि स्वच्छ जागा एकच उरली होती, ते नवं शौचालय उंच चौथऱ्यावर आहे ना, तिथली. गाडी येईपर्यंत मला तिथं फरशीवर ठेवलं. आईनं आपल्या अंगावरची शाल खाली घातली. फरशी खरंच फार छान आहे. नळाला पाणी होतं, दिवा होता. मुलगी तिथंच झाली. ती रडली नाही.

गणपतराव गाडी आणायला चिखलातून धावत गेले होते. मग बराच वेळ बाहेर छत्री धरून उभे होते, आत कुणीच भिजत नव्हतं तरी.

आई रोज येते, डबा ठेवते, पायाशी बसते. मी बोलत नाही तिच्याशी. मला राग आहे की नाही तेच कळत नाही. काल ती म्हणाली की राजीनामा लिहून ठेवलाय, पंधरा ऑगस्टच्या सभेनंतर देणार. रात्रभर मात्र मनात येत राहिलं की पलीकडं अजून दोघीजणी गरोदर आहेत. एकीला आठवा लागलाय.

मामा, तुम्ही कुठल्या सभेत माझं नाव घेऊ नका. मामींनी विणलेलं मला आत्ता पाठवू नका. पण आईला तुम्ही लिहा. ती फक्त तुमचं ऐकते.

तुमची,
सौंदर्या

*

कोल्हापूर,
ता. ८ ऑगस्ट

चि. सौ. नीलम्मास अनेक आशीर्वाद.

वि. वि. लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. तीनदा कागद घेतला आणि तीनदा ठेवला. वहिनी दिवसभर खिडकीत बसते.

तुला धीर द्यायला लिहीत नाही. धीर देण्याजोगं काही घडलेलं नाही. तुझ्या हातून चूक झाली, आणि तू ती चांगलं म्हणवून घेण्यासाठी केलीस. हे मी म्हटलं नाही तर तू मला भाऊ मानू नकोस. पण ती चूक तुझ्या एकटीच्या हातून झाली असं मी मानणार नाही. हप्ता अडकेल ही भीती कुणी घातली? यंत्राला पैसा आहे पण वायरीला नाही, गटाराला आहे पण नावाड्याच्या पोटाला नाही, असं वाटप कुणी केलं? आणि घरपट्टी मागायला आलेल्या शिपायाला दारातून हसत परत कुणी लावलं? दिल्लीत बसून शिरगट्टीची नदी दिसत नाही. ती त्यांना दिसावी अशी माझी अपेक्षाही नाही. शिरगट्टीला ती दिसायला हवी होती.

तू राजीनामा लिहिलास असं सौंदर्यानं कळवलं. तुझ्याशी न बोलणाऱ्या त्या पोरीनं त्याच पत्रात पलीकडच्या दोघींचं लिहिलंय. आठवा लागलेल्या बाईला तुझ्या राजीनाम्याचा काय उपयोग? तू खाली बसलीस की त्या खुर्चीत येणारा दुसरा कुणी पहिल्यांदा संगणकच उघडेल, आणि त्याला सांगायला कुणी नसेल की नाव कुठल्याच खणात बसत नाही आणि तरीही ती हवी.

तू म्हणशील की आता कुठल्या तोंडानं उभी राहू, लोक पुन्हा म्हणतील की लेकीसाठी मागते. म्हणू देत. तू हो म्हण. लेकीसाठी मागते म्हण. आईनं लेकीसाठी मागितलेली गोष्ट गावाला लागणारी असते, हे त्या सभेला कुणीतरी सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायचा अधिकार आज तुझ्याइतका कुणालाच नाही. मी येणार नाही. मी आलो तर लोक माझं भाषण ऐकतील, आणि मला ते नको आहे.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की सभा भरेल. राजीनामा घरी ठेव. उभी राहा आणि ठराव मांड, की गावाच्या घरपट्टीतला पहिला खर्च नावेचा आणि नावाड्याचा, तो झाल्याशिवाय त्या पैशाला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. मतदान हात वर करून घे. आपला हात सगळ्यांत आधी वर कर, आणि मोजणी संपेपर्यंत खाली घेऊ नकोस.

तुझा अण्णा