पितळी डबीचा डाग

हिंगोली,
ता. १२ जानेवारी १९३९

चि. विश्वंभर,

इकडे सर्व ठीक. थंडीने तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र पहिल्यासारखीच चालते. हे पत्रही तिच्याच आग्रहाने लिहितो आहे, असं समज.

विशेष म्हणजे, दवाखान्याच्या बंडोपंत डॉक्टरांची फटफटी मी दुरुस्त केली. हसू नकोस. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळायचं, म्हणून आठ दिवस त्यांचं खेड्यांवर जाणं बंद होतं. गावात कुणाला जमेना. उघडून पाहिलं तर आतली पोकळ पितळी डबी, जी पेट्रोलवर तरंगून त्याची वाट बंद करायला हवी, तीच बुडालेली. गरम पाण्यात धरली, बुडबुडे आले, केसाएवढी भेग सापडली. आतलं पेट्रोल पार उडवलं आणि कथलाचा डाग देऊन भेग बुजवली. तरी गळतंच! तीस वर्षं सोनारकी केलेला मी, आणि माझाच डाग जड झाला होता. कानशीने घासून दोन गुंजा वजन उतरवलं, तेव्हा डबी नीट तरंगली.

मग हवेचा स्क्रू. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, हवा जास्त झाली की इंजिन खोकतं. हे मला कुठून ठाऊक? सुटीत घरी आलास की जेवताना तू आईला सांगायचास, तेव्हा मी पाठ फिरवून बसायचो. कान तुझ्याकडेच असायचे.

फटफटी एका लाथेत सुरू झाली! सगळी गल्ली गोळा झाली. डॉक्टर म्हणाले, "दगडोबा, कुठं शिकलात हे तुमी?"

"आमच्या इश्वंभरानं शिकवलं. अकोल्याला मोटारीचा मिस्तरी हाय तो," मी सगळ्यांदेखत सांगितलं. चार वर्षांत तुझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं आणि छाती अशी फुगली म्हणून सांगू! तुझी आई दारात रडत उभी. म्हणाली, "काहून इतके दिस लावले?"

तू गॅरेजात गेलास तेव्हा 'घराण्याला डाग लावलास' असं मी बोललो होतो. सोनाराने हा शब्द शिवीसारखा वापरावा? डागानेच भेग बुजते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी चुकलो, बाळा.

एक राहिलंच. गाडी उभी असली की इंजिन अजून मधूनच अडखळतं. ते विश्वंभर येऊन लावील, असं मी डॉक्टरांना सांगून बसलो आहे. माझा शब्द खाली पडू देऊ नकोस.

आईचे आशीर्वाद तुला पत्रागणिक पोचतातच. माझेही चार वर्षं होतेच, फक्त पाठवले नव्हते. आता घे.

तुझे वडील,
दगडोबा