टोरांटो किती दशम्यांवर

माय, मी विमानात बसले. एकटी. तू असतीस तर आधी तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "किती दशम्यांची वाट हाय वं?"

अंजनगावहून अकोल्याला मामाकडे जाताना तू किलोमीटर कधी विचारले नाहीस. अकोला तुझ्या लेखी चार दशम्यांवर. दोन तुझ्यामाझ्या, एक अकोटला बस चुकली तर, आणि एक वरची. ही कोणाची, असं मी विचारलं की म्हणायचीस, "घ्याले येनाऱ्याची. थो केव्हाचा उभा असन. त्याच्या पोटाले काय बसचा टाइम समजते?" मामा ती स्टँडवरच उभ्याने खायचा आणि घरी गेल्यावर पुन्हा पोटभर जेवायचा.

तर तुझ्या नातीचे दिवस भरत आले होते. टोरांटोत तिच्याजवळ नवऱ्याशिवाय कोणी नाही. बाळ यायच्या आत पोहोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात. राजापेठेतल्या माझ्या घरात बसून मी मोबाइलला विचारलं. बारा हजारांवर किलोमीटर, हवेत पंधरा-सोळा तास. त्या हिशेबाने ज्वारीचं पीठ दुधात मळायला घेतलं आणि मग लक्षात आलं, यानं नुसतं उडणं धरलंय! मुंबईला बसून राहणं, मधे विमान बदलणं, रांगा, हे त्याच्या गावीच नाही. पुन्हा पीठ घेतलं. फोनवर लेक ओरडली, "अवं आई, विमानात जेवाले देतात! काहून करून राहिली एवढं?" मी म्हटलं, "वाट माही हाय, माह्या हिशोबानं जाईन."

भीती मुंबईपर्यंतच होती. पुढे खाली ढग, वर ऊन आणि मी मजेत.

उतरले तर जावई एकटाच. लेकीला पहाटेच दवाखान्यात नेलेलं. "चला लवकर," तो म्हणाला, पण चेहराच सांगत होता की पोरगं कालपासून जेवलेलं नाही. गाडी सुरू करायच्या आधी वरची दशमी त्याच्या हातात दिली, तिळाची चटणी घालून. त्याने ती संपवली आणि डब्याकडे पाहिलं. मग आणखी एक दिली.

लेकीने मला दारात पाहिलं, कळ सोसत हसली. "माही दशमी आनली का?"

"आनली."

"ठेव. मंग खाईन."

संध्याकाळी मुलगी झाली. मी वेळेत होते, माय! बाळाला कुशीत घेऊन लेकीने दशमी खाल्ली, चटणीसकट. विमानातल्या जेवणाबद्दल चकार शब्द नाही.

हे तुला कुठे धाडू? राहू दे माझ्याजवळच. एकच सांगायचं राहिलं. डबा भरताना सवयीने तुझीही एक टाकली होती. समुद्रावर असताना केव्हातरी ती मीच खाल्ली. मऊ होती अजून.