वरच्या पट्टीतलं नाव

पंचवटी, नाशिक
८ जानेवारी २०२६

चि. सौ. कां. स्वानंदी हिस इंदिराचे अ. उ. आ.

साखरपुड्यानंतर तुझे फोन येतात, पण फोनवर तू इतकं गोड बोलतेस की ठेवल्यावर मला काही आठवत नाही. तेव्हा यापुढे पत्रच लिही. लिहिलेलं राहतं. आणि मला काकू म्हणणं सोड. वैशाखात सून होऊन यायचंय, आई म्हणायची सवय आत्तापासून लाव.

काम असं की सिंहस्थ तोंडावर आलाय आणि आपल्याकडे वेबसाइट नाही. शेजारच्या गुरुजींचे यजमान मोबाइलवर विधी ठरवून येतात, आमचे नाना मात्र अजून रामकुंडावर छत्री उघडून वाट बघत बसतात. तू अंबडच्या कारखान्यात असलंच काम करतेस असं श्रेयस म्हणाला. दुकानदाराची लेक पुरोहितांच्या घरात येतेय तर काहीतरी घेऊन यावं, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. तुझ्या कानाजवळचा पांढरा डाग पाहूनही आम्ही होकार दिला, एवढा मोठेपणा आमच्यात आहे.

तुझ्या बाबांना नमस्कार. आशीर्वाद आहेतच, ते टिकवणं तुझ्या हाती.

इंदिरा


देवळाली कॅम्प
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. आईंना स्वानंदीचा शि. सा. न. वि. वि.

आई हा शब्द पुष्कळ वर्षांनी लिहिला. माझी आई गेल्यापासून कुणाला तसं लिहिलेलंच नाही. पण लिहून बरं वाटलं.

वेबसाइटचे तीन मार्ग पाहिले. श्रेयसचा मित्र पहिल्यापासून बांधून द्यायला तयार आहे, पण मग एक ओळ बदलायची तरी त्याची मनधरणी करायची. दुसरी भाड्याची, तयार घरासारखी. मालक म्हणेल तसं राहायचं. तिसरं वर्डप्रेस, त्यात सांगाडा आयता मिळतो आणि आतले बदल आपले आपण करायचे. मला विचाराल तर खरा प्रश्न रोज त्यात मजकूर कोण घालणार हा आहे. नानांना चष्मा सापडत नाही, श्रेयसला कंटाळा येतो. म्हणजे तुम्हीच. म्हणून वर्डप्रेस घेऊ. तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, माझ्यासुद्धा.

आधी मजकूर लावून घेते. नानांनी पाठवलेल्या कागदांत श्राद्ध, मुक्कामाची खोली, गाडी लावायची जागा आणि त्यांचा पगडीतला फोटो, सगळं ‘इतर’ या एकाच मथळ्याखाली आहे! मी विधी, मुक्काम, पत्ता आणि आमचं कुटुंब असे भाग केलेत. प्रत्येकाला एक साचा. साचा म्हणजे तुमच्या फडताळातला डबा. डबा आपल्या जागी राहतो, आतली डाळ बदलली तरी फडताळ विस्कटत नाही.

नानांना नमस्कार. माया असू द्यावी, मला तिची गरज आहे.

आपली
स्वानंदी


पंचवटी, नाशिक
१० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. कां. स्वानंदी हिस अ. उ. आ.

डब्याचं उदाहरण आवडलं. तुझ्या शिक्षणाचा स्वयंपाकघरात उपयोग होईल असं दिसतंय.

‘आमचं कुटुंब’मध्ये तुझंही पान हवं, असा नानांचा हट्ट. मी म्हटलं, लग्नाआधी कशाला? पण त्यांच्यापुढे कोण बोलणार. तर फोटो डाव्या बाजूने काढ आणि केस कानावर घे. पितरांच्या कामाचं घर, यजमान कशावरून शंका काढतील सांगता येत नाही. फुलवाली कुसाबाई परवा सगळ्यांसमोर विचारत होती की सूनबाईला कोड हाय का. मी सांगितलं, लहानपणी भाजलंय. तूही तेच सांग. एवढ्याशा खोट्याने कुणाचं बिघडत नाही, खऱ्याने मात्र बिघडतं.

काम लवकर आटप. पाडव्याला सुरुवात करायची आहे. ऐकणाऱ्या मुलीवर आमचा जीव असतो.

इंदिरा


देवळाली कॅम्प
१४ मार्च २०२६

ती. सौ. आईंना शि. सा. न. वि. वि.

साइट तयार आहे. सगळे अधिकार तुमच्या नावावर केले आणि माझे काढून टाकले. घर तुमचं, किल्लीही तुमच्याचकडे असावी. काय कुठे दाबायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलंय.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. फोटो समोरूनच काढला. मी भाजलेली नाही, आई. डाग शाळेत असल्यापासून आहे आणि श्रेयसने तो पाहूनच मला मागणी घातली. जन्मभर एका बाजूने बसायचं म्हटलं तर मान दुखेल हो! श्रेयसला फोटो दाखवला, तो छान म्हणाला. त्याने छान म्हटल्यावर मला दुसऱ्या कुणाची भीती वाटली नाही.

‘होणारी सून’ असं लिहिलेल्या त्या पानाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यातही माझं नाव आहे. बाबा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ते उघडून दाखवतात, फौजींच्या बायकांनासुद्धा. इतकं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

विधींचं पान थोडं राहिलंय, ते घरी आल्यावर आपण दोघी मिळून पुरं करू. जशी आहे तशी पदरात घ्यावी.

आपली
स्वानंदी


पंचवटी, नाशिक
४ एप्रिल २०२६

कु. स्वानंदी हिस,

वि. वि. वरच्या ओळीवरून समजलीच असशील.

पाडव्याला सगळ्यांसमोर साइटचं उद्घाटन झालं. दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. माझ्या नणंदेने तुझ्या फोटोवर बोट ठेवलं, तर तो केवढा तरी मोठा झाला, आणि तुझा कान सगळ्या गोताने पाहिला. झाकायला सांगितलं होतं, तू शहाणपणा केलास. हे लग्न होणार नाही. श्रेयसला विचारलं. तो खाली मान घालून बसला, म्हणजे होच.

गंगापूर रोडच्या निकिताशी त्याचं ठरलंय. तुझ्या कागदावरून मी स्वतः तुझं पान उघडलं, नाव बदललं, फोटो बदलला. चहा निवायच्या आत काम झालं. डबा तोच, डाळ बदलली. फडताळ जराही विस्कटलं नाही. शिकवतेस छान, तेवढं कबूल करते. साखरपुड्याची साडी तुलाच राहू दे, अंगाला लागलेलं आम्ही परत घेत नाही.

एकच अडचण आहे. पान उघडलं की वरच्या पट्टीत, पत्त्यात, अजून तुझंच नाव दिसतं. निकिताच्या आईने ते बरोबर हेरलं. श्रेयसला विचारलं तर म्हणतो, तिलाच विचार. कसं काढायचं ते उलट टपाली कळव. आणि आता काकूच म्हण.

लोभाचा विषय इथेच मिटला.

इंदिरा


देवळाली कॅम्प
९ एप्रिल २०२६

सौ. इंदिराकाकूंना स. न. वि. वि.

तुमचं पत्र आधी बाबांच्या हाती पडलं. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. मी पुष्कळ रडले, खोटं कशाला लिहू. डागासाठी नाही, श्रेयसच्या त्या खाली घातलेल्या मानेसाठी.

विचारलंत त्याचं उत्तर असं. पान बदलायला उघडा. उजव्या हाताला पानाचा पत्ता दिसेल. त्यावर दाबा, माझं नाव खोडा आणि जतन करा.

खोडलेल्या जागी निकिताचं नाव मात्र घालू नका. जे बदलत राहणार त्याचं नाव पत्त्यात घालायचं नसतं, हा आमच्या कामातला साधा नियम. मी तिथे माझं नाव घातलं, ती चूक माझी. तुम्ही नुसतं ‘सून’ लिहा. म्हणजे पुढच्या खेपेला पत्ता बदलायची वेळ येणार नाही.

कळावे.

कु. स्वानंदी