मैलाला एकशेवीस सेकंद

अब्बा,

चाकणच्या आपल्या गॅरेजबद्दल मी फारसं कुणाशी बोलत नाही. नातवंडं विचारतात, तेव्हा सांगते, तुमचे पणजोबा मोटारसायकली दुरुस्त करायचे, हाताला गुण होता. ते खोटं नाही.

पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरसाहेबांच्या गाडीचा मीटर बंद पडला होता. तसा दुसरा मिळेना, म्हणून तुम्ही मोडीतल्या वेगळ्याच गाडीचा काढून बसवलात. मी सतरा वर्षांची. तुमच्या मागे बसलेय, तुमचं घड्याळ माझ्या मुठीत. काटा चाळीसवर धरून तुम्ही खेडच्या रस्त्याने निघालात आणि मी एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत सेकंद मोजतेय. नव्वद यायला हवेत. एकशेवीस येतात. पुन्हा मोजले, तरी एकशेवीसच. म्हणजे काटा चाळीसवर, पण गाडी तासाला तीस मैलांनीच पळत होती. खेडला पोचलो तेव्हा सात मैलांच्या वाटेचे मीटरने नऊ केले होते. "जास्त दाखवतोय ते बरंच," तुम्ही हसलात. "माणूस जपून चालवंल." साहेबांना काही न सांगता गाडी देऊन टाकलीत.

महिन्याभरात, बाजाराच्या दिवशी, कांद्याच्या गाड्यांमधून एक म्हातारा त्यांना आडवा आला आणि जागीच गेला. गावातून तिसाच्या वर चालवायची नाही असा नियम होता. फौजदाराला साहेबांनी स्वतःच सांगितलं, काटा चाळीसवर होता. दुसरा कुणी असता तर पंचवीस म्हणाला असता.

खेडच्या कोर्टात तुम्हाला एवढंच विचारलं, "मिस्त्री, मीटर बरोबर आहे का?" तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. मीच बसवलाय." मी मागच्या बाकावर होते. परतताना एस.टी.त मी म्हटलं, "पण अब्बा, एकशेवीस आले होते." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "गप बस. सरकारी माणसाच्या गाडीला चुकीचा मीटर लावला म्हटल्यावर गॅरेजची पायरी कोण चढंल?" मी गप्प बसले. तेव्हा मला रडू आलं नाही, आणि नंतरही नाही.

साहेबांना सहा महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली. सुटल्यावर ते चालत गॅरेजला आले. तुम्ही स्टूल पुसून दिलंत, मी चहा आणला. कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर राग नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत. दहाने कमी असतो तर तो म्हातारा वाचला असता, हेच मनातून जात नाही." तुम्ही त्यांच्यासमोर उभे होता, हाताला तेल लागलेलं. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "चहा घ्या साहेब, गार होतोय."

त्यानंतर दर ईदला तुम्ही त्यांच्याकडे शिरखुर्मा पाठवलात, तो मीच पोचवायचे. तुम्ही गेल्यावरही कित्येक वर्षं पोचवत राहिले. दारात ते दरवेळी तुमची आठवण काढायचे, सरळ माणूस म्हणायचे. मी डबा रिकामा होईपर्यंत थांबायचे आणि निघायचे. सांगायला मला कुणाची आडकाठी नव्हती, अब्बा. तुमचीसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात ते वारले. निरोप आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आता सांगावं लागणार नाही, हेच सगळ्यात आधी मनात आलं, आणि हायसं वाटलं.