वॉर्डातला एकटा ब्रदर

४ ऑगस्ट
माझा रूममेट अश्वजित नर्सिंग सोडून गेला. पोलीस भरतीत नाव लागलं. पेढा माझ्या तोंडात कोंबला, स्वतःची मच्छरदाणी माझ्या कॉटवर टाकली आणि नांदेडची एसटी पकडली. आता नर्सिंगच्या सेकंड इयरला सगळ्या मुली आणि मुलगा एकटा मी. दिपाली मॅडमनी भर वर्गात विचारलं, "संगमेश्वर, तू तरी टिकशील ना?" हो म्हणालो. खरं तर उदगीरहून अप्पांचा रोज फोन – "गणपतीपर्यंत घरी ये. दुकानात बस. पोती उचलायला घरचं माणूस पायजे." मला जायचं नाही. हे काम मला आवडतं – लिहून टाकलं एकदाचं!

७ ऑगस्ट
मेसच्या वरणात आज डाळ सापडली. नोंद असावी.

१२ ऑगस्ट
पकडला गेलो! अप्पांनी अख्ख्या बाजारात 'पोरगा लातूरला मेडिकलला हाय' एवढंच सांगून ठेवलंय. पुढचं लोकांनी जोडलं. शेजारच्या दुकानाचे रेवणप्पाकाका हर्नियाच्या ऑपरेशनला नेमके आमच्याच वॉर्डात दाखल. मी एका आजोबांचं लघवीचं भांडं घेऊन निघालो होतो, तेवढ्यात कॉटवरून काकांची हाक – "डॉक्टरसाहेब!" मी मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.
"डॉक्टर न्हाई काका, नर्सिंगला हाय मी."
काकांनी लगेच उदगीरला फोन लावला. अप्पा उद्या येणार, मला घेऊन जायला. बॅग भरलेली नाही. मुद्दामच.

१३ ऑगस्ट
ऑपरेशनआधी कमरेखालचे केस काढावे लागतात. सिस्टर सामान घेऊन आल्या, तर काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "बाईमाणसासमोर? मेलो तरी चालंल." शेवटी मला बोलावणं. पडदा लावला, क्रिकेटच्या गप्पा मारत काम उरकलं. बाहेर आलो तर पडद्याशी अप्पा उभे! सगळं ऐकलेलं.
आतून काका अप्पांना म्हणाले, "गुरुपादप्पा आला का? पोराला नेऊ नको बाबा. ह्याच लाजंपायी मी लई दिवस दुखणं अंगावर काढलं."
एरवी अप्पा आम्हाला उठता बसता कायक ऐकवतात – कुठलंच काम हलकं नसतं म्हणे. आज भांड्यावरून माझी हजेरी घेणार असं वाटलं होतं. पण कमरेखाली हात दाबून उभे राहिले. मग म्हणाले, "माझी गाडी हाय," आणि एकटेच गेले. रागावले की काय, काही कळलं नाही. जीव थाऱ्यावर नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. जिलेबी. मॅडमनी पुन्हा विचारलं, टिकणार ना? म्हटलं, अप्पांनाच विचारा.

१८ ऑगस्ट
अप्पांचा फोन. दुकानाचा विषय नाही, गणपतीचा नाही. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. मग आवाज खाली आणून –
"पोतं उचललं की मलाबी रेवणप्पासारखं तिथंच दुखतंय रे, दोन सालांपासून. तुझ्या आईलाबी सांगितलं न्हाई. सोमवारी येतो. तुझी ड्युटी हाय ना?"